नमुना परत घ्यावा लागेल

दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत माझ्या टेबलावर एक प्लास्टिकची फाइल येते. फाइल बाबांच्या हातात, आई कडेच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन, आणि जिच्या नावाची ती फाइल, ती मुलगी मागे दाराला टेकून. बाबा मार्कलिस्ट काढतात, दाखला काढतात, मग आवाज जरा खाली आणून म्हणतात, "नीटमध्ये थोडक्यात हुकलं हो मॅडम. म्हटलं, निदान हे तरी करू दे."

'निदान'. हा शब्द मी इतक्या वेळा ऐकलाय की आता हसू येतं. आमच्या विभागात दिवसभर जे चालतं त्यालाही निदानच म्हणतात. बाबांना म्हणायचं असतं 'एवढं तरी'. दाराशी उभ्या पोरीला ऐकू येतं 'एवढंच'. आणि ते 'एवढंच' पाठीवर घेऊन ती पहिल्या वर्गात येऊन बसते.

मी आधी बरीच वर्षं वैद्यकीय प्रयोगशाळेत काम केलं आणि नंतर हेच शिकवायला लागले. मुलांशी रोजच बोलते. तुमच्याशी, म्हणजे पालकांशी, बोलायचं राहून जातं, कारण तुम्ही भेटता ते फी भरायला, नाहीतर हजेरी कमी पडली की. म्हणून आज जरा निवांत.

नावांचा घोळ आधी उरकू, जाहिराती त्याच्यावरच जगतात. बारावी सायन्सला जीवशास्त्र घेतलेल्या मुलांसाठी पदवीचे रस्ते आहेत ते बीएमएलटी, बी.एस्सी. एमएलटी (एमएलटी म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञान) आणि नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं बीपीएमटी. या शेवटच्यात तीन वर्षं अभ्यास आणि वर वर्षभर इंटर्नशिप, आणि प्रयोगशाळा ही त्यातली एक शाखा. त्याखाली डीएमएलटी ही पदविका. आणि त्याहीखाली रिक्षांच्या पाठीवर नि एसटी स्टँडच्या भिंतींवर रंगवलेले सहा महिन्यांचे 'शंभर टक्के नोकरी'वाले कोर्स. संसदेनं २०२१ मध्ये आरोग्यसेवेतल्या सहयोगी व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यातल्या व्यवसायांच्या यादीत वैद्यकीय प्रयोगशाळा आहे, आणि शिक्षण किमान २००० तासांचं हवं, वरच्या पायरीसाठी पदवी आणि ३६०० तास हवेत, असं त्यात लिहिलंय. सहा महिन्यांत, तेही शनिवार-रविवारी, २००० तास कसे बसतात हे गणित मला अजून कुणी करून दाखवलेलं नाही. पैसे भरण्याआधी त्या संस्थेला ते करायला सांगा. कोर्सला मान्यता कुणाची आणि नंतर नाव कुठल्या परिषदेत नोंदवलं जाणार, हेही लेखी मागा.

कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारतीकडे फार बघू नका. सरळ प्रयोगशाळेत चला म्हणा. मायक्रोस्कोप बाहेर काढून ठेवलेत की कपाटात कुलूपबंद? शंभर पटीच्या लेन्सला न पुसलेल्या तेलाचा चिकटा दिसला तर शिक्षिका म्हणून मला राग येईल, पण तुमच्या जागी असते तर बरं वाटलं असतं. निदान (पुन्हा तोच शब्द) ते वापरात आहे. कॉलेजला रुग्णालय जोडलेलं आहे का, आणि असलं तर तिथे खरंच रुग्ण असतात का, तेही बघा. मग कँटीनमध्ये जाऊन शेवटच्या वर्षाच्या दोन पोरांना चहा पाजा. इंटर्नशिपला काम देतात की रजिस्टर भरायला बसवतात, एवढंच विचारा. माहितीपत्रकात नसलेलं सगळं त्या दोन चहांत कळतं.

हे झालं बाहेरचं. हा अभ्यास तुमच्या घरात यायला खरी सुरुवात होते ती पहिल्या सहामाहीत.

मुलगी घरी येऊन एकच रडगाणं लावेल, स्मिअर जमत नाही. काचपट्टीच्या एका टोकाला रक्ताचा छोटा थेंब ठेवायचा. दुसऱ्या काचेची कड तीस-चाळीस अंशांत तिरकी धरून थेंबाला टेकवायची. थेंब कडेनं आडवा धावला की एका दमात पुढे सरकवायची. बघताना पोळीवर तूप फिरवण्याइतकं सोपं वाटतं. थेंब मोठा झाला की स्मिअर जाड, हात मध्येच अडखळला की आडवे पट्टे, काचेला तेलकट बोट लागलं असलं की मध्ये भोकं. जमलेला स्मिअर जिभेच्या आकाराचा असतो, टोकाला पिसासारखा विरत जाणारा. त्या विरत्या कडेच्या जरा अलीकडे पेशी एकेक, सुट्या पडतात. मलेरियाची अंगठी तिथेच सापडते आणि ल्युकेमियाची पहिली शंकाही तिथेच येते. पहिल्या पन्नास-साठ काचा वाया जातात. माझ्याही गेल्या होत्या. त्या दिवसांत "एवढं साधं जमत नाही?" हे वाक्य तोंडात आलं तर चहाबरोबर गिळून टाका.

मग येतो रक्त काढायचा सराव. मुलं तो एकमेकांच्या हातावर करतात. एका वर्षी एका बाबांचा रात्री साडेनऊला फोन आला. मुलीच्या कोपराच्या खळगीत निळा-हिरवा डाग होता आणि तो त्यांना जेवताना दिसला होता. "आम्ही शिकायला पाठवलंय, का टोचून घ्यायला?" त्यांची तगमग मला कळत होती. मी त्यांना विचारलं, तिनं स्वतः आज कुणाचं काढलं, हे विचारलंत का? त्यांनी विचारलं नव्हतं. फोन चालू ठेवूनच विचारलं. पलीकडून ती जे बोलत सुटली ते पाच मिनिटं मलाही ऐकू येत होतं. शीर दिसत नव्हती, पण बोटाला स्पंजासारखी लागली. सुई आत गेल्यावर नळीत रक्त आलं तेव्हा हातपाय थरथरले. आणि मैत्रीण म्हणाली, कळलंसुद्धा नाही.

डागापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. प्रवेश झाला की लगेच हिपॅटायटिस बीची लस. तीन डोस असतात. पहिला आज, दुसरा महिन्यानं, तिसरा सहा महिन्यांनी. 'कॉलेज देईलच' म्हणून थांबू नका, तुमच्या डॉक्टरांकडे जाऊन सुरू करा. आणि कधी वापरलेली सुई टोचली तर तासाभरात कुणाला तरी सांगायचं, घाबरून लपवायचं नाही, हे घरातूनही बजावा. एचआयव्हीपासून बचावाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितक्या लवकर तितकं बरं. पोरं सुईला घाबरत नाहीत हो, ओरडा बसेल याला घाबरतात. त्या ७२ तासांतले कितीतरी तास या भीतीत जातात.

आता जरा अवघड विषय. नातेवाईक विचारतात, "काय करते सध्या?" आणि तुमची जीभ अडखळते. रक्ताचं सांगता येतं, पण लघवी, शौच, थुंकी? एका आईनं मला स्पष्टच विचारलं होतं, "लोकांची घाण हातात घ्यायची, मग हिला स्थळं येतील का?" मी रागावले नाही. आपल्याकडे हा किंतू काही आजचा नाही आणि माझ्या एका भाषणानं तो जाणार नाही. मी त्यांना एवढंच सांगितलं, की चार ग्रॅम हिमोग्लोबिन असलेलं लेकरू वॉर्डात येतं, रक्त चढवतात, घरी जातं, दोन महिन्यांनी पुन्हा तसंच पांढरंफटक होऊन येतं. त्याचं कारण रक्तात सापडत नाही, शौचाच्या त्या डबीत सापडतं. आकड्या जंताची अंडी, पातळ कवचाची, आत पेशींचे चार गोळे. एखादी मुलगी नाक न मुरडता ती डबी उघडते म्हणून ते सापडतं. स्थळाचं म्हणाल तर आमच्या पहिल्या बॅचमधल्या मुलींच्या बाळांची बारशी मी जेवून आले.

पण हे सगळं वरवरचंच झालं. मला ज्यासाठी तुमच्याशी बोलायचंय ते या कामाच्या स्वभावात आहे.

सुतारानं खुर्ची चुकवली तर ती डगमगते. स्वयंपाक चुकला तर पहिल्या घासाला कळतं. प्रयोगशाळेतला चुकलेला रिपोर्ट बरोबर रिपोर्टासारखाच दिसतो. तोच कागद, तोच फाँट, दशांश चिन्हानंतर तेच दोन आकडे. साखरेसाठी घेतलेलं रक्त साध्या बल्बमध्ये, म्हणजे नमुन्याच्या नळीत, तसंच ठेवून दिलं तर पेशी त्यातली साखर खात राहतात, दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के. म्हणून त्यासाठी फ्लोराइडचा बल्ब, राखाडी टोपणाचा. कुणी दुपारपर्यंत विसरला आणि मग मशीनला लावलं, तर मशीन बिचारं इमानदारीनं कमी आकडा देईल. मधुमेही माणूस तो कागद घेऊन खूश होऊन घरी जाईल. चूक झाली हे या पृथ्वीवर फक्त एका माणसाला माहीत असेल.

यासाठी आमच्याकडे कंट्रोल असतं. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं द्रव, छोट्या बाटलीत. सकाळी रुग्णांचे नमुने लावण्याआधी ते लावायचं. आलेला आकडा तक्त्यावर ठिपका म्हणून टाकायचा; मधली रेघ सरासरीची, वर-खाली मर्यादेच्या रेघा. लेव्ही आणि जेनिंग्ज या दोघांनी ही पद्धत १९५० मध्ये प्रयोगशाळेत आणली, आजही तिचं नाव त्यांच्यावरूनच आहे. ठिपका रेघांच्या आत पडला की आम्ही म्हणतो, कंट्रोल बसलं. नाही बसलं तर थांबायचं आणि शोधायचं: रिएजंट शिळं झालं, नळीत बुडबुडा आला, की दिव्याचं आयुष्य संपत आलं? बाहेर उपाशीपोटी चाळीस माणसं बसलेली असतात आणि घड्याळात साडेनऊ झालेले असतात. अशा वेळी कंट्रोल 'बसवायचा' मोह होतो. पुन्हा लावा, पुन्हा लावा, तिसऱ्यांदा कधीतरी आत पडेल, तो ठिपका टाका, आधीचे दोन विसरा. कुणीही बघत नसतं. तुमचं मूल त्या खोलीत एकटं असतं.

आमच्या शहराच्या, म्हणजे मुंबईच्या नावाचा एक रक्तगट आहे, ठाऊक असेल तुम्हाला. १९५२ मध्ये केईएममधल्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जगापुढे आणला, 'लॅन्सेट'मध्ये. मला त्यातली गंमत वेगळीच वाटते. या गटाचं रक्त नेहमीच्या तपासणीत 'ए'लाही गुठळी देत नाही आणि 'बी'लाही नाही. म्हणजे 'ओ'. लिहून टाका आणि घरी जा. पण उलट्या बाजूनं तपासलं, त्या माणसाचा सीरम घेऊन त्यात 'ओ' गटाच्या पेशी टाकल्या, की गुठळी होते, जी 'ओ' माणसात व्हायला नको. अशा माणसाला 'ओ' रक्त दिलं तर जिवावर बेततं. त्याला फक्त त्याच्याच गटाचं चालतं. आजही रक्तपेढीत हा गट ज्याला सापडतो तो फार हुशार असावाच लागतो असं नाही. तो दुसरी तपासणी टाळत नाही, आणि दोन्हींचं जुळलं नाही तर 'माझंच काहीतरी चुकलं असेल' म्हणून एक खोडून टाकत नाही. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेलची तपासणी करणाऱ्या आमच्या मुलांचंही तसंच. दिवसाला शंभर नळ्या, बहुतेक सगळ्या सारख्या. एकशेएकावी वेगळी दिसायला डोळा शाबूत लागतो.

आता माझं सांगते. घरच्यांखेरीज फार कुणाला सांगितलेलं नाही.

माझी पहिली नोकरी एका लहान खासगी लॅबमध्ये होती. नाव सांगत नाही, ती आता नाहीही. तिसऱ्या दिवशी मालकांनी समजावलं, "डॉक्टर सात टेस्ट लिहितात. सात करायच्या नसतात. शुगर, एचबी कर. विडाल, बाकीचं, नॉर्मल टाक." आमच्या धंद्यात याला सिंक टेस्ट म्हणतात. नमुना बेसिनमध्ये आणि आकडा कागदावर. मी काय केलं असेल असं वाटतं तुम्हाला? राजीनामा फेकला? मी तीन आठवडे ते आकडे लिहिले. सुवाच्य अक्षरात. एके संध्याकाळी एक बाई नवऱ्याचा रिपोर्ट न्यायला आल्या, 'सगळं नॉर्मल' वाचलं आणि पिशवीतून पेढे काढून एक माझ्या हातावर ठेवला. तो रिपोर्ट मीच लिहिला होता. त्यातली फक्त साखर खरी होती.

दुसऱ्या दिवसापासून मी गेले नाही. पण घरी सांगितलंही नाही. माझ्या फीसाठी आईच्या पाटल्या गेल्या होत्या आणि बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला 'लेक नोकरीला लागली' सांगत होते. महिनाभर मी रोज सकाळी डबा घेऊन निघायचे आणि नगर वाचनालयात बसायचे. शेवटी एका रात्री भांडी घासताना आईला सांगितलं, लॅब का सोडली तेही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे डबा कुठे बसून खायचीस गं?"

एवढंच. पाटल्यांचा विषय तिनं काढला नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. बाबांना तिनंच सांगितलं, कसं ते मला आजवर कळलेलं नाही.

तुमच्या मुलीवर किंवा मुलावर असा दिवस येणार नाही, असं मी सांगू शकत नाही. चांगल्या लॅब पुष्कळ आहेत, एनएबीएलची मान्यता असलेल्या, जिथे परीक्षक येऊन तक्ता उलटा-सुलटा बघतात. पण सुरुवातीचा पगार कमी असतो, रात्रपाळी असते, आणि पहिली नोकरी कुठे मिळेल हे आपल्या हातात नसतं. तिथून परत यायची वाट घरातून मोकळी हवी. पगाराचं गणित घालताना मुलाच्या नावावर कर्जाचा एवढा मोठा हप्ता टाकू नका की त्याला वाईट नोकरी सोडताच येणार नाही.

"मग आपण स्वतःचीच लॅब टाकून देऊ," हे इथं हमखास येतं. गावाकडे जागा आहे, रस्त्यावर आहे, दोन खुर्च्या नि एक मशीन. पालकहो, २०१७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं यावर निकाल दिलाय: पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर सही हवी ती पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच. तुमचा मुलगा तपासणी उत्तम करेल, पण स्वतःच्या सहीनं रिपोर्ट देऊ शकणार नाही. 'सही भाड्यानं मिळते' असं सांगणारे भेटतील, त्यांना चहासुद्धा पाजू नका. पॅथॉलॉजिस्टबरोबर रीतसर काम, रक्तपेढी, सरकारी रुग्णालयातलं तंत्रज्ञाचं पद, एम.एस्सी. करून शिकवणं, परदेशी जाण्यासाठी तिथल्या परवान्याची परीक्षा, असे रस्ते बरेच आहेत. गावाकडच्या जागेत तुम्ही दुसरं काहीतरी काढा.

आता एका मुलाचं सांगते.

आमचा एक विद्यार्थी इंटर्नशिपला माझ्याच हाताखाली होता. शांत, अक्षर वाईट, व्हायव्हात तोतरा व्हायचा. एका संध्याकाळी वॉर्डातल्या एका आजींचा रिपोर्ट मशीनवर आला, पोटॅशियम ९.४. असायला हवं साडेतीन ते पाचच्या आसपास. एवढं पोटॅशियम म्हणजे हृदय कधीही थांबेल. अशा वेळी रिपोर्टची वाट बघायची नसते, थेट वॉर्डात फोन करायचा असतो. मी रिसीव्हर उचलला.

"मॅडम, थांबा," तो म्हणाला. "ते खोटंय. मी ओतलंय."

झालं होतं असं. आजींच्या शिरा सुतळीसारख्या, दोनदा टोचून झालेलं. जांभळ्या टोपणाचा बल्ब भरला, पण पिवळ्यात रक्त फारच कमी आलं. तिसऱ्यांदा टोचायचं त्याच्या जिवावर आलं, म्हणून त्यानं जांभळ्यातलं थोडं पिवळ्यात ओतलं. जांभळ्या बल्बमध्ये ईडीटीए असतं, पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात. रक्त गोठू नये म्हणून ते कॅल्शियम बांधून ठेवतं. त्यामुळे अशा मिश्रणात पोटॅशियम आभाळाला आणि कॅल्शियम पाताळात. पडद्यावर खाली कॅल्शियमही तसंच आलं होतं. मी ते पाहिलं असतं तर मला कळलं असतं. पण त्या गर्दीत माझी नजर ९.४ वरच थांबली होती, हे कबूल करते. फोन गेला असता तर चांगल्या आजींवर पोटॅशियम उतरवायचे उपचार सुरू झाले असते.

मी त्याला बोलले नाही. बोलायला वेळही नव्हता. म्हटलं, जा, नमुना परत घेऊन ये. मी दारातून बघत होते. तो आजींच्या कॉटपाशी गेला आणि हात जोडावेत तशी ट्रे छातीशी धरून म्हणाला, "आजी, माझ्याकडून चुकलं. परत घ्यावं लागेल." आजींनी त्याचा उद्धार केला, "आता काय सगळं रगत घिऊन जातोस का?" आणि शिव्या देत देतच हात पुढे केला. यावेळी शीर एका टोचण्यात मिळाली. पोटॅशियम ४.३.

या मुलाला हे तोंडातून बाहेर काढता कसं आलं, याचा मी बरेच दिवस विचार करत होते. आमच्या शिकवण्यानं आलं असं म्हणायला आवडलं असतं, पण तेच शिकून गेलेली मुलं गप्प बसलेली मी पाहिली आहेत.

मग पालकसभेला त्याचे वडील आले. गावच्या दूध संकलन केंद्रावर काम करतात. पहाटे पाचला रांग लागते, प्रत्येकाच्या किटलीतलं दूध मशीनला लावायचं, फॅट किती ते लिहायचं, त्यावर भाव. मी त्यांना वॉर्डातला प्रसंग सांगितला. त्यांना फार नवल वाटलं नाही. म्हणाले, "सहावीत असताना मदतीला यायचा. एकदा मशीनच्या नळीत पाणी राहिलं आणि चौघांचं फॅट कमी लागलं. त्यानंच रात्री येऊन सांगितलं, बाबा, मी नळी रिकामी केली नव्हती. मग दुसऱ्या दिवशी गेलो चौघांच्या घरी, पावत्या बदलून दिल्या."

"मारलं नाहीत?" मी विचारलं.

"मारायचं कशाला? नळी नीट धुवायला शिकवली."

जाताना त्यांची साखर तपासू म्हटलं. मुलानंच रक्त काढलं, राखाडी बल्बमध्ये. बापानं बाही वर केली आणि सगळा वेळ सुईकडे न बघता पोराच्या तोंडाकडे बघत बसले. मधल्या वेळात मी त्यांना लॅब फिरवून दाखवली, ठिपक्यांचे तक्ते दाखवले. त्यांनी प्रत्येक तक्त्यापुढे थांबून तारीख वाचली. तासाभरानं रिपोर्ट हातात आला. त्यांनी खिशातून चष्मा काढला, कागद लांब धरून आकडा वाचला, मग चष्म्यावरून पोराकडे बघत म्हणाले, "सकाळी कंट्रोल बसलं होतं ना रे?"

पोरगं हसलं नाही. आत गेलं आणि त्या दिवसाचा तक्ता घेऊन आलं.